शेवटचं तोंड

"ऊठ तिथून," वेल्डरबाई म्हणाली.

"नाही उठत," भाऊ म्हणाला. "तुला काय करायचंय ते कर."

तो पाइपावर पाय सोडून बसला होता. त्याच्या टाचांखालून बागेतले पाणी बारीक धारेने नदीत पडत होते, आणि जिथे पडत होते तिथल्या दगडांवर मिठाचा पांढरा, खरबरीत थर धरला होता. वर काठावर टेंपो उभा होता. टेंपोत जनरेटर होता, आणि जनरेटरशेजारी तिचा नवरा मेहुण्याकडे पाठ करून उभा होता.

"अरे, मी परकी बाई असते तर असा बसला असतास का?"

"परकी असतीस तर नदीत ढकललं असतं."

"मग ढकल. पोहता येतं मला. तुला तरी कोणी शिकवलं?"

भाऊ हसला नाही. एरवी हसला असता.

तिला सगळे वेल्डरबाईच म्हणत. सासरी, बाजारात, दवाखान्यात केसपेपर काढतानासुद्धा. वडिलांचे वर्कशॉप बागेच्या तोंडाशी होते. भावाला लहानपणी ठिणग्यांची धास्ती. वडिलांनी रॉड टेकवला की तो झाडांत पळून जाई. ती मात्र काळ्या काचेमागून टक लावून बघत बसे. त्यामुळे वाटणी करताना वडिलांना फार डोके खाजवावे लागले नाही. संत्र्यांची बाग मुलाला, वेल्डिंगचे मशीन मुलीला. लोक हसले होते. ती हसली नव्हती. मशीन टेंपोत घालून सासरी घेऊन गेली होती आणि त्यावर तिने घर चालवले होते.

माहेर नदीच्या वरच्या अंगाला, सासर खालच्या. मध्ये दोन राज्यांची हद्द, आणि त्या हद्दीवर वर्षानुवर्षे मिठावरून भांडण. वरच्या बागांना कालव्याचे पाणी भरपूर. ते जमिनीत मुरे, जमिनीतले मीठ विरघळवून घेई, आणि झाडांची मुळे कुजू नयेत म्हणून खोल गाडलेल्या पाइपांतून पुन्हा नदीत येई. वरच्या काठावर अशा पाइपांची ओळच्या ओळ होती. सरकारी भाषेत त्यांना 'निचरामुखे' म्हणत. लोक नुसते 'तोंडे' म्हणत. ही सगळी तोंडे नदीत मीठ ओकत आणि खालच्या शहराच्या नळाला ते येई. शेवटी दोन्ही सरकारांनी एकत्र बसून करार केला. तोंडे बंद करायची. त्याऐवजी काठाने एक कालवा खणायचा, सगळे खारे पाणी त्यात घ्यायचे आणि दूरच्या ओसाड खोलगट जमिनीत नेऊन उन्हात वाळवायचे. खर्च खालच्या सरकारचा, म्हणून काम खालच्या वेल्डरांना. उन्हाळा जवळ आला होता. कालवा अजून खणून व्हायचा होता, पण तोंडे आधी बंद करा असा हुकूम सुटला होता.

"कालवा येईस्तोवर माझं पाणी कुठे जाणार?" भावाने विचारले. "आकाशात?"

"उन्हाळा संपायच्या आत कालवा तुझ्या बांधाला लागतोय. साहेबांनी सांगितलंय."

"साहेबांनी." त्याने नदीत थुंकल्यासारखे केले. "आणि खालच्या वळणावरचं ते मोठं तोंड? मोठ्या बागेच्या मालकांचं? माझं नरड्याएवढं आहे, त्यांच्यात माणूस रांगत जाईल. ते पण बंद करणार तुमचे साहेब?"

"सगळीच होणार."

"साहेबांचं सोड. तू सांग."

वेल्डरबाईने हातमोजे काढून कमरेला खोचले. "मी बंद करीन. माझ्या हाताने. झालं?"

भाऊ उठला, पँट झटकली आणि तिच्याकडे न बघता वर चढून गेला.

तिने लोखंडी झडप खाली पाडली, पाचर ठोकून घट्ट बसवली. धार थेंबावर आली. गॅसच्या ज्योतीने कडा सुकवून घेतल्या आणि नवऱ्याला हात केला. जनरेटर घरघरला. चार ठिकाणी टाके मारून घेतले, मग सलग रेघ ओढली, वरचा पापुद्रा हातोडीने उडवला. वडिलांनी बघितली असती तर मान हलवली असती अशी रेघ होती.

वर आली तेव्हा भावजय पायरीवर उभी होती. चहाला या, असे ती म्हणाली नाही. त्या घरातून चहा न घेता वेल्डरबाई आयुष्यात पहिल्यांदाच निघाली.

टेंपोने हद्दीवरचा पूल ओलांडल्यावर नवरा म्हणाला, "तू शब्द दिलास त्याला."

"ऐकू आलं म्हणायचं तुम्हाला."

"ऐकू येतं मला. बोलायचं नसतं तेव्हा फक्त कमी येतं."

खालच्या शहरात उन्हाळ्यात चहात दूध घातले की फाटायचे. साबणाला फेस यायचा नाही. डॉक्टरने सासूबाईंना मीठ कमी करा म्हणून सांगितले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते नळाला सांगा, मी केव्हाच सोडलंय." मिठाने घराघरांतल्या पाण्याच्या टाक्या खाल्ल्या जात, गिझर सडत, जिन्याचे कठडे बुडातून मोडून पडत, आणि ते सगळे जोडायला वेल्डरबाईकडे येई. नवरा म्हणे, "नदी गोड झाली की तुझा धंदा बसला म्हणून समज." ती म्हणे, "बसू दे. मला पण बसायला मिळेल जरा."

थट्टेत बोलायची, पण शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांनी त्याच वर्षी शहर सोडले होते. एका घरात लहान बाळ होते. बाटलीच्या दुधाला पाणी विकत आणावे लागे, आणि एकदा विकतचे संपले म्हणून नळाचे घातले, तर बाळाला दवाखान्यात ठेवावे लागले. सामान ट्रकवर चढवताना त्या बाईने वेल्डरबाईला हाक मारून न्हाणीघरातली टाकी दिली होती. "पत्रा चांगला आहे, कापून वापरा." ती टाकी अजून तशीच दुकानाच्या मागे पडली होती. तिला ती कापवत नव्हती.

तेव्हा काठावरची तोंडे बंद करताना ती बोलणी खात होती, पण मागे हटत नव्हती. कोणी कुत्रे सोडले. एका म्हातारीने काठी आपटत असल्या शिव्या घातल्या की नवरा म्हणाला, ह्या लिहून ठेवायला हव्यात. ज्यांच्याकडे कालवा पोचला होता ते काही बोलत नव्हते. पोचला नव्हता ते तिच्या हाताकडे बघत उभे राहत. प्रत्येकाला ती एकच सांगे. "माझ्या भावाचं पहिलं बंद केलं. जाऊन बघून या."

काहीजण खरेच जाऊन बघून येत.

उन्हाळ्याच्या मध्यावर भावजयीचा फोन आला.

"वन्सं, दुपारच्या याल का? तुमचा भाऊ झोपलेला असतो. ग्राइंडर घेऊन या."

"ग्राइंडर कशाला?"

भावजय म्हणाली, "आधी बघा तर येऊन."

ती गेली. ग्राइंडर बरोबर घेतला होता; कशासाठी घेतला हे तिने स्वतःलाही विचारले नाही. बागेच्या उताराकडच्या ओळींत पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. झाडाखालची माती दुपारच्या उन्हात ओली होती आणि वर पांढरी बुरशी धरल्यासारखे मीठ आले होते. तिने चिमटीत घेऊन जिभेला लावले. चालताना बुटाखाली माती चपचप करत होती.

भाऊ झोपलेला नव्हता. एका झाडाला टेकून बसला होता, आणि तिच्या हातातली ग्राइंडरची पेटी बघून म्हणाला, "हिने बोलावलं ना? मी सांगितलं नव्हतं."

"कालवा कुठवर आला?"

"मालकांच्या कुंपणापर्यंत. तिथे थांबलाय. आपल्या जमिनीतून खणू देणार नाही म्हणतात ते. त्यांची जमीन ओलांडल्याशिवाय आमच्याकडे येणार कसा? पलीकडच्या सगळ्या बागांचं हेच."

"आणि त्यांचं तोंड?"

"चालू आहे. रात्रंदिवस. जा, बघून ये, नदीला जोर आलाय नुसता."

भावजय मागून हळूच म्हणाली, "वन्सं, झडपेचा जोड कापलात तर कोणाला दिसायचं नाही. झुडपं आहेत तिथे."

वेल्डरबाई पेटीवरच बसली. कापायला काहीच वेळ लागला नसता. स्वतःची रेघ होती, कुठून सुटेल ते तिला ठाऊक होते. झाडे वडिलांनी लावलेली होती. त्यातल्या एकावर चढून ती पडली होती आणि हात मोडला होता. तो हात अजून थंडीत दुखे.

"तुझं कापलं," ती शेवटी म्हणाली, "की शेजारचा म्हणेल माझं काप. तो का नाही म्हणणार? मग त्याच्या पलीकडची ती म्हातारी. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि मग खाली नळाला काय येईल, ते मी तिथे राहून पिणार."

"आमचं जळू दे मग," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही.

"तुझं जळतंय ते माझ्यामुळे नाही. त्या कुंपणामुळे."

"कुंपण तुला वेल्ड करता येतं का?"

ती उठली. भावजय रडायला लागली होती, तिच्या पाठीवरून हात फिरवावा असे वाटले, पण हात काळे होते. पेटी उचलून ती निघाली.

तिथून ती तशीच साहेबांच्या ऑफिसात गेली. साहेब म्हणजे संयुक्त प्रकल्पाचा इंजिनिअर. कालव्याचा उतार त्यानेच आखला होता, आणि काम चोख होते. कालवा बघून आलेल्या लोकांनी तसे सांगितले होते. बोलायला सरळ. पण त्या दिवशी तिला बघून त्याने आधी दार लावून घेतले.

"मालकांचं तोंड कधी बंद करायचं?" तिने उभ्याउभ्याच विचारले.

"बाई, बसा."

"बसून ऐकण्यासारखं असेल तर बसते."

साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते वगळलंय. वरून आलंय. मालक संयुक्त समितीवर आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्यांचं म्हणणं, ते निचरामुख नाहीच, तो पावसाचा ओढा आहे."

"ओढ्याला लोखंडी झडप असते?"

"मी तेच लिहून पाठवलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा उत्तर आलं की साहेबांनी आपली प्रकृती सांभाळावी." तो थोडा हसला. "बाई, मला कालवा पुरा करायचाय. मी आता भांडलो तर मला उचलून दुसरीकडे टाकतील आणि जो येईल तो कुंपणाशीच काम संपलं म्हणून सही करील."

त्याचे खोटे नव्हते. त्यामुळे तिला राग काढायला जागाच राहिली नाही.

"आणखी एक आहे," साहेब म्हणाला. "दोन्हीकडचे मंत्री येतायत. सगळी तोंडं बंद झाली असं जाहीर होणार आहे. शेवटचं तोंड त्यांच्यासमोर बंद करायचं. काम तुम्हीच करायचं, वर्तमानपत्रवाले येणार आहेत, बाई वेल्डर म्हणून त्यांना..."

"शेवटचं कुठलं? सगळी तर झाली."

साहेबाने पुन्हा चष्मा लावला. "एक बसवतोय. पुलाजवळ."

ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन बघायला गेली. पुलाजवळ, जिथे गाड्या लावायला जागा होती आणि मागे नदी छान दिसत होती, तिथे काठात एक नवा कोरा पाइप खोचला होता. निळा रंग मारलेला, रंग अजून ओला. झडपही निळी. वेल्डरबाईने वाकून आत हात घातला. हातभर आत माती लागली. पाइप कुठेच जात नव्हता.

"ह्यातून काय येणार?" नवऱ्याने विचारले.

"भाषण," ती म्हणाली.

त्या वळणापलीकडे बोरूच्या झाडीआड मालकांचे तोंड वाहत होते. दोघे तिथे चालत गेले. पाणी जाडजूड, गढूळ, आवाज करत पडत होते. खालच्या दगडांवर मिठाचे थर चढून दगड ओळखू येत नव्हते. झडप वर उचलून साखळीने बांधून ठेवली होती. वेल्डरबाईने ती साखळी ओढून बघितली. तिला शेजारच्या गल्लीतले ते रिकामे घर आठवले, आणि दारावर अजून तसेच राहिलेले लहान मुलाची उंची मोजायचे स्टिकर.

"अहो," ती म्हणाली, "जनरेटरला डिझेल भरून ठेवा."

नवऱ्याने विचारले नाही कशाला. घरी गेल्यावर सासूबाईंना मात्र त्याने सांगितले की सून तुरुंगात जायचं म्हणतेय. सासूबाई म्हणाल्या, "तिथे पाणी कुठलं असतं ते विचार आधी."

समारंभाच्या दिवशी सकाळीच पुलाजवळ तंबू, खुर्च्या, लाउडस्पीकर लागला. साहेब दर थोड्या वेळाने रस्त्याकडे बघत होता. टेंपो दिसला तसा त्याने हात वर केला. टेंपो तंबूसमोरून गेला, थांबला नाही, आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला. साहेबाचा हात तसाच वर राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि खिशात घातला. कोणाला काही सांगितले नाही.

झाडीत तिने आधी साखळी कापली. झडप पडायला हवी होती, पण बिजागरी गंजून गच्च झाली होती. तिने पहार घातली आणि वजन टाकले. झडप थोडी सरकली आणि पाण्याच्या रेट्याने पुन्हा वर गेली. तिने पुन्हा जोर लावला. तिच्या एकटीच्या बळाचे ते काम नव्हते, आणि नवऱ्याला जनरेटर सोडता येत नव्हता.

जनरेटरचा आवाज काठावर सगळ्यांच्या ओळखीचा झाला होता. तो ऐकून पलीकडच्या बागांतली माणसे येऊ लागली. त्यांची तोंडे तिनेच बंद केली होती. सगळे वरच उभे राहिले. भाऊ त्यांच्यात नव्हता; तिने एकदा बघून घेतले आणि पुन्हा बघितले नाही.

मग ती शिव्या घालणारी म्हातारी काठी टेकत खाली उतरली. काठी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि पहारेच्या टोकाला लोंबकळली. "बघत काय उभे राहिलात," ती वरच्यांना म्हणाली, "माझं वजन काय पुरणार आहे?"

दोघेतिघे उतरले. बिजागरी किंचाळली आणि झडप खाली बसली. पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. इतकी वर्षे तो आवाज होता की तो थांबल्यावर सगळेच दचकले.

त्याच शांततेत लाउडस्पीकर ऐकू आला. मंत्री बोलत होते. वेल्डरबाईने पाचरी ठोकल्या, कडा सुकवल्या, काच खाली घेतली आणि पहिला टाका मारला.

मालकांचा मॅनेजर कुंपणाच्या बाजूने धावत आला. बूट चिखलात रुतले. "बंद करा. बंद करा ते. कोणाच्या हुकमाने चाललंय?"

"सरकारच्या," ती काच वर न करता म्हणाली. "दोन्ही."

"हे तोंड वगळलंय."

"थांबा, ऐका जरा." तिने रॉड उचलला. वळणापलीकडून आवाज येत होता: आज या काठावरचे एकही निचरामुख उघडे राहिलेले नाही. टाळ्या झाल्या. "ऐकलंत? एकही नाही म्हणाले. आता मंत्र्यांना खोटं पाडायचं का?"

मॅनेजर वर टेंपोकडे वळला. "ए, जनरेटर बंद कर."

नवऱ्याने कानामागे हात नेला.

"जनरेटर बंद कर म्हणतोय."

"काय? मोठ्याने बोला," नवरा म्हणाला, "जनरेटर चालू आहे."

काठावरचे हसले. खूप दिवसांनी ती माणसे एकत्र हसली असावीत. मॅनेजर टेंपोवर चढायला लागला तेव्हा ते हसायचे थांबले आणि टेंपोभोवती येऊन उभे राहिले. कोणी हात लावला नाही. नुसते उभे राहिले. मॅनेजर उतरला आणि त्याने फोन काढला. फोनवर तो हळू आवाजात बोलत होता, कारण मालक त्या क्षणी मंत्र्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

मॅनेजर मग वेल्डरबाईजवळ आला. आवाज मऊ केला. "बाई, तुम्ही इथल्या लेक आहात. तुमच्या वडिलांच्या वर्कशॉपचं शेड आमच्या मालकांनीच बांधू दिलं होतं. खाल्ल्या मिठाला तरी जागा."

तिने काच वर केली. चेहरा घामाने निथळत होता.

"मीठच खातोय," ती म्हणाली. "तुमच्या मालकांचंच. सगळं शहर खातंय. म्हणून तर जागी आहे."

आणि काच खाली करून तिने उरलेली रेघ ओढली. पाणी आतून दाबत होते, कुठेकुठे फुटून वाफ येत होती, हाताला चटके बसत होते. एका ठिकाणी भोक पडले, ते तिने पुन्हा भरले. देखणी रेघ नव्हती. पण दुहेरी होती, आणि वर तिने पट्टीही मारली.

तंबूत वेल्डर नसल्यामुळे मंत्र्यांनी निळ्या झडपेवर नुसतेच हात ठेवून फोटो काढले.

संध्याकाळी तिला ठाण्यात बोलावले. नवरा बरोबर आला, डबा घेऊन आला, कारण किती वेळ लागेल ते माहीत नव्हते. मालकही होते. वेल्डरबाईने त्यांना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिले. थकलेला, सभ्य दिसणारा माणूस होता. तिच्याकडे ते असे बघत होते की जणू एखादे ओळखीचे जनावर चावले आहे.

"तक्रार काय आहे?" फौजदाराने विचारले.

"ह्या बाईंनी आमचं पाणी बाहेर जायचं तोंड बंद केलं," मॅनेजर म्हणाला.

फौजदाराने साहेबाकडे बघितले. साहेब कोपऱ्यात फाइल मांडीवर घेऊन बसला होता. "तुमच्या प्रकल्पाचं काय म्हणणं?"

साहेब उभा राहिला. "आमच्याकडे त्या जागी निचरामुख असल्याची नोंद नाही. आज दुपारी मंत्रिमहोदयांनीही सगळी बंद असल्याचं जाहीर केलंय. उघडं तोंड नव्हतंच, तर बाईंनी बंद काय केलं, हे मला कळत नाही."

फौजदाराने पेन खाली ठेवले. त्याच्या टेबलावरच्या पेल्यातले पाणी विकतच्या बाटलीतले होते.

"मालक," तो अदबीने म्हणाला, "तिथे तोंड होतं, असं लिहून द्या. मी लगेच घेतो तक्रार."

मालक उठले आणि शालीनपणे सगळ्यांना नमस्कार करून गेले. जाताना दारात थांबून साहेबाकडे एकदा बघितले तेवढेच.

साहेबाची बदली महिना व्हायच्या आत झाली. वेल्डरबाईला प्रकल्पाचे काम पुन्हा मिळाले नाही. कुठल्याच सरकारी खात्याचे मिळाले नाही. शाळेच्या फाटकाचे काम ठरले होते, तेही दुसऱ्याला गेले. कारण कोणी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. विचारले असते तर त्यांना खोटे बोलावे लागले असते, आणि तेवढी तसदी त्यांना कशाला द्यायची, असे ती नवऱ्याला म्हणाली.

मालकांच्या सखल शेतात पाणी वर आले. ते तोंड उघडायचे तर आधी ते आहे असे म्हणावे लागले असते, आणि वर्तमानपत्रात मंत्र्यांच्या शेजारी हसणारा फोटो त्यांचाच होता. त्यांनी जमेल तितके दिवस तग धरला. मग एका सकाळी कुंपणाच्या तारा गुंडाळलेल्या दिसल्या आणि खणायचे यंत्र आत शिरले. नव्या साहेबाने काही न बदलता जुन्याच आखणीवर कालवा पुढे नेला. पलीकडच्या बागांना तो लागला तेव्हा उन्हाळा संपून बरेच दिवस झाले होते.

भावाचा फोन आला नाही. भावजयीचाही नाही. म्हातारीने कोणाकडून तरी निरोप पाठवला की कालवा आला, माझं पाणी उतरलं, येऊन जा. ती गेली नाही. खरे तर माहेरच्या वाटेवरून दोनदा अर्ध्यातून परत आली. शेवटी एका सकाळी नवऱ्याने टेंपो काढला आणि ती काही म्हणायच्या आत पूल ओलांडला.

उताराकडच्या ओळी गेल्या होत्या. पाने झडून फांद्या करड्या पडल्या होत्या, आणि भाऊ ती झाडे काढत होता. काही खोडे कापून रचून ठेवली होती. एका बुंध्याभोवती खणून, मुळे मोकळी करून त्याने दोर बांधला होता आणि खांद्यावर घेऊन ओढत होता. बुंधा हलत होता पण निघत नव्हता. वडिलांनी लावलेल्या पहिल्या ओळीतले झाड होते ते. वरच्या अंगाच्या ओळी मात्र हिरव्या होत्या.

त्याने तिला बघितले. ओढायचे थांबवले नाही.

वेल्डरबाई नवऱ्याला टेंपोतच बसा म्हणाली. उतरली, चपला बांधावर काढून ठेवल्या आणि भावाच्या मागे जाऊन दोर धरला. माती अजून मऊ होती, पाय रुतत होते. दोघांनी एकदा ओढले. मग दुसऱ्यांदा. आत कुठेतरी एक मूळ तुटल्याचा आवाज आला.

"हाताला गुंडाळून घे," भाऊ मागे न बघता म्हणाला. "घसरेल."

तिने दोराचा वेढा मनगटाला दिला, आणि दोघांनी पुन्हा वजन टाकले.